खालचा आकडा

सूत रंगवण्याच्या कारखान्यातला सुकवणीचा हॉल त्या संध्याकाळी माणसांनी गच्च भरला होता. एरवी ज्या दांड्यांवर ओल्या सुताच्या लडी टांगलेल्या असत, त्या दांड्या धरून आज लोक उभे होते. ज्यांना तेवढीही जागा मिळाली नाही, ते खिडक्यांत चढून बसले होते. सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीवरच्या पडद्याला चिकटलेले. पडद्यावर दोन आकडे होते. वरचा आकडा टरबुजाएवढा. खालचा लहान, कोपऱ्यात दडल्यासारखा.

पडद्यापासून निघालेली तार खाली खुर्चीपर्यंत आली होती आणि तिच्या टोकाचा चिमटा भट्टीवाल्या काकांच्या बोटाला लावलेला होता.

"सत्त्याऐंशी!" श्वासबाबांचा शिष्य ओरडला.

हॉलमध्ये हळहळ पसरली. रक्तातला प्राणवायू शंभरात पंच्याण्णवच्या खाली नसावा, हे एव्हाना तिथल्या लहान पोरांनाही पाठ झालं होतं.

"घाबरू नकोस, लेकरा," शेजारी बसलेले श्वासबाबा म्हणाले. लेकरू बाबांपेक्षा वीस वर्षांनी मोठं होतं. "प्राण आहे तुझ्यात. झोपलाय नुसता. प्राण म्हणजे काय? प्र आणि आण! प्रकर्षाने आण! कुठून आण? वरून आण!"

काकांनी मान हलवली. वरून आणायला त्यांची हरकत नव्हती.

बाबांनी पांढरी शाल काकांच्या आणि स्वतःच्या हातांवर पसरली. डोळे मिटले. "हूंऽऽऽ" असा भुंग्यासारखा आवाज काढला. पडद्यावरचा आकडा गेला आणि तिथे दोन रेघा आल्या.

"पाहा! जुना प्राण गेला!" शिष्य म्हणाला.

रेघा लुकलुकल्या, थांबल्या, आणि टरबुजाएवढा आकडा उमटला. अठ्ठ्याण्णव.

टाळ्यांनी पत्रे दणाणले. भट्टीवाले काका खुर्चीवरून उठले ते तरण्या पोरासारखे. "मोकळं वाटतंय, मोकळं वाटतंय!" म्हणत ते जिन्यापर्यंत गेले आणि तिथे दम लागून बसले. ते मात्र कुणी पाहिलं नाही.

मागच्या खांबापाशी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. पण त्यांचं लक्ष काकांवर ठरलं नाही. पुढच्या रांगेत त्यांचा थोरला भाऊ बसला होता आणि आता त्याची पाळी होती.

दादा बावीस वर्षं या कारखान्यात रंगाची भुकटी तोलत होता. निळी भुकटी त्याच्या वाट्याची. तो निळा कारखान्यात सगळ्यांच्याच नखांना चढायचा. त्याची नखं तर अशी काळीनिळी झाली होती की घासून, लिंबू लावून, कशानेही निघत नव्हती. भुकटी फक्त नखांपुरती थांबली नव्हती. वर्षभर तो खोकत होता. गेल्या महिन्यापासून त्याला आडवं झोपता येत नव्हतं. उशांना टेकून, बसूनच रात्र काढायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, बोटाला चिमटा लावला आणि स्पष्ट सांगितलं, "उद्या दाखल व्हा. खाट राखून ठेवतो."

ती उद्या म्हणजे आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. त्याच संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी श्वासबाबांना कारखान्यात आणलं होतं. हॉल फुकट, वीज फुकट, वर कामगारांना अर्धा तास लवकर सुट्टी. बावीस वर्षांत मॅनेजरसाहेबांनी भुकटीच्या खोलीला एक पंखा दिला नव्हता. आता त्यांचं मन एवढं मोठं कसं झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कामगारांचे आकडे अठ्ठ्याण्णव असले, की पंख्याची गरजच काय!

"बाहत्तर!" शिष्य ओरडला. मग शाल, मग हूंऽऽऽ, मग दोन रेघा.

"अठ्ठ्याण्णव!"

दादा रडत खुर्चीवरून उठला. बाई त्याच्यापाशी गेल्या.

"दादा, ओठ बघ तुझे. जांभळे पडलेत. चल ना रे दवाखान्यात. मी रिक्षा थांबवून ठेवलीय."

"तू... शिकलीस म्हणून... सगळं तुलाच कळतं?" त्याला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं. "दवाखान्यात... नुसता आकडा दाखवतात. बाबा... वाढवून देतात."

"वन्सं, जाऊ द्या आता," वहिनी हळूच म्हणाली. "त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे की." बोलताना तिचा हात दादाच्या पाठीवरून फिरत होता आणि डोळे मात्र बाईंकडे मदत मागत होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी हिसकावून घ्यायची, तर हातात दोर तरी हवा. बाईंच्या हातात तो नव्हता.

खरं तर त्यांना ठाऊक होतं की काहीतरी लबाडी आहे. पण कुठे? यंत्र खरं होतं. तसंच यंत्र त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं. आकडा खोटा लिहिलेला नव्हता, सगळ्यांसमोर उमटत होता. बाबांची शाल संशयाची, हे कळत होतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या स्वतःच मुलांना सांगत आल्या होत्या.

त्या संध्याकाळी घरी दादाची मुलगी जेवण सोडून वही घेऊन बसली होती. सहावीतली पोर. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला खारू म्हणत. बाईंच्या वर्गाला या महिन्यात एक काम दिलेलं होतं: रोज कुठलेतरी आकडे बघून टिपायचे. कुणी पाणी उकळायला लागणारा वेळ टिपत होतं, कुणी सावलीची लांबी. खारूने श्वासबाबांचा पडदा टिपला होता. चार संध्याकाळींचा.

"आत्या, मी दोन्ही आकडे लिहिलेत हं. तुम्ही म्हणाला होता, दिसेल ते सगळं लिहायचं, आवडेल तेवढंच नाही."

"खालचा कशाला? तो नाडीचा आहे. मिनिटाला किती ठोके, ते."

"हो का? मग एक विचारू? सगळ्यांची नाडी सारखी असते का?"

"छे. प्रत्येकाची वेगळी. का गं?"

खारूने वही पुढे सरकवली. शालीआधीचे आकडे: भट्टीवाले काका, नाडी चौऱ्याऐंशी. तापाने फणफणलेला लडीवाला, एकशे बारा. गरोदर झाडूवाली, शहाण्णव. बाबा, एकशे अठरा. हा बाबा म्हणजे तिचा बाबा, दादा. आणि शालीनंतरचे आकडे: एकसष्ट. बासष्ट. एकसष्ट. एकसष्ट. साठ. बासष्ट. सदतीस माणसं, आणि सगळ्यांची नाडी जणू एकाच घड्याळाला बांधलेली.

बाईंनी वहीवरून बोट फिरवत दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग उठून दादापाशी गेल्या, उशांना टेकून डोळे मिटलेल्या त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. एकशे वीस. सकाळ-संध्याकाळ "बाबांनी नाडी शांत केली" म्हणणारा त्यांचा दादा, आणि ही त्याची नाडी.

त्यांना आधी आनंद झाला, मग लाज वाटली. चार संध्याकाळी त्याही तिथेच उभ्या होत्या. विज्ञान शिकवत होत्या आणि बघत मात्र होत्या इतरांसारखा वरचाच आकडा, कारण तोच मोठा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून त्या तडक दवाखान्यात गेल्या. तिथल्या नर्सताईंना वही दाखवली. ताईंनी एकदाच वाचली आणि कपाळावर हात मारला. "येते मी. माझा चिमटा घेऊन येते."

हॉल पुन्हा भरलेला. बाई पुढे झाल्या. "बाबा, आज माझ्या भाचीला प्राण द्या. तिला फार दम लागलाय."

लागला होताच. खारू कारखान्याला पाच चकरा मारून आली होती. घामाने निथळत ती खुर्चीवर बसली. बाबा सगळ्याच भक्तांना लावत, तसे त्यांनी तिलाही आधी बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावले: "शुद्धी, बाळा, शुद्धी!" मग चिमटा लावला. एक्क्याण्णव. खाली, एकशे छत्तीस.

"बाबा, मी तिचा दुसरा हात धरून बसू? लहान आहे, घाबरते."

"धर, माते. प्राण सगळ्यांतून वाहतो."

शाल पसरली. हूंऽऽऽ. दोन रेघा. अठ्ठ्याण्णव. टाळ्या पडणार, तेवढ्यात बाईंचा आवाज चढला. शाळेचं अख्खं मैदान गप्प करणारा आवाज तो.

"टाळ्या नंतर! आधी खालचा आकडा वाचा. किती आहे?"

"एकसष्ट," पुढची रांग म्हणाली.

"आणि माझ्या हातात या पोरीची नाडी आहे. भट्टीवाले काका, तुम्ही या, तिच्या मानेला हात लावा. मोजा मोठ्याने. घड्याळाकडे बघून पंधरा सेकंद."

काकांनी मोजलं. पोरीची नाडी घोड्यासारखी धावत होती. त्यांची जीभ मागे पडली. पंधरा सेकंदांत बत्तीस.

"म्हणजे मिनिटाला एकशे अठ्ठावीस. आणि पडद्यावर एकसष्ट! मग पडद्यावर कुणाचं काळीज धडधडतंय, काका?"

श्वासबाबा कसलेले होते. "माझं!" ते गरजले. "अरे, माझंच! माझं हृदय तिच्यात उतरलंय. हाच तर चमत्कार!"

मागून कुणीतरी "वाहवा" म्हणालंसुद्धा. लोक हेही गिळतील, असं बाईंना वाटलं. पण खारूला सभाशास्त्र ठाऊक नव्हतं. तिने सरळ शाल ओढली.

तिची बोटं रिकामी होती. चिमटा बाबांच्या अंगठ्याशेजारच्या जाडजूड, उबदार, गोऱ्यापान बोटाला लावलेला होता.

"आत्या! हे तर यांच्याच बोटाला आहे!"

मग भट्टीवाले काका म्हणाले, "म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला! आमचा दम मोजायचा, आणि आकडा ह्याचा दाखवायचा!"

त्यानंतर जे झालं ते व्हायचं तसंच झालं. शिष्याने तार गुंडाळली, बाबांनी पायताण तिथेच टाकून पळ काढला, मॅनेजरसाहेबांची मोटार मागच्या दाराने निघून गेली. दोघातिघांनी बाबांना पकडून चोपायचं म्हटलं, बाईंनी अडवलं. "त्याला पोलीस बघतील. तुम्ही बसा. अजून झालेलं नाही."

"काय राहिलं, बाई?" लडीवाल्याने विचारलं. "शालीनंतरचा आकडा त्याचा. पण शालीआधीचा तर आमचाच होता ना? माझा अठ्ठ्याऐंशी. म्हणजे मी मरणार का?"

"नाही. तो आकडाही पुरता तुझा नाही. हात दाखव." बाईंनी त्याचं निळं नख सगळ्यांना दाखवलं. मग एका सायकलचा मागचा तांबडा दिवा मागवला. "हा चिमटा काय करतो? नखावरून तांबडा उजेड बोटात सोडतो आणि दुसऱ्या बाजूला किती पोचला, ते बघतो. सोबत एक न दिसणारा किरण असतो, त्याच्याशी पडताळतो. रक्तात प्राणवायू भरपूर असला की रक्त लालभडक. तांबडा उजेड सहज पार. प्राणवायू कमी, तर रक्त काळपट, उजेड अडतो. आता बघा." त्यांनी दिव्यासमोर लाल सुताची लड धरली. उजेड आला. निळी धरली. दिवा विझल्यासारखा झाला. "निळा रंग तांबडा उजेड खातो. यंत्राला वाटतं, रक्तच काळं. त्यात बर्फाच्या पाण्याने बोटं गारठवली की रक्त बोटात येतच नाही, मग यंत्र आणखी चाचपडतं. ती शुद्धी नव्हती, आकडा पाडायची युक्ती होती."

हॉलमध्ये एकदम हसू फुटलं. नऊ दिवसांची भीती उतरली होती. "म्हणजे आम्ही ठणठणीत!" "मशीनच चोर!" "दवाखान्यातलं पण तसलंच, उगाच घाबरवतात!"

आणि त्या गलक्यातून दादा उठला.

"ऐकलंस?" तो बाईंना म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू होतं. "तूच बोललीस. निळं नख... खोटा आकडा. मग माझा पण... खोटाच. मला काही... झालेलं नाही. कशाला हवी... खाट?"

बाईंनी स्वतःच्या हाताने त्याला नवी शाल पांघरली होती.

"नर्सताई," त्या म्हणाल्या. दादाकडे बोट दाखवलं.

नर्सताई पुढे आल्या. "गमबूट काढा सगळे. मोजेही. पाय पुसून, चोळून गरम करा." दिवसभर गमबुटात असल्याने कामगारांची पावलं तेवढी रंगाविना राहिली होती. "चूक आमचीही आहे. इतकी वर्षं तुमच्या निळ्या बोटांनाच चिमटा लावत बसलो. पायाच्या बोटाला लावायचा, हे सुचायला हवं होतं. आणि प्रत्येकाची नाडी मी हाताने मोजणार. यंत्राची नाडी आणि माझी जुळली, तरच वरचा आकडा धरायचा. नाही जुळली, तर पुन्हा."

लडीवाला: बोटाला अठ्ठ्याऐंशी, पायाला सत्त्याण्णव. झाडूवाली: एकोणनव्वद आणि अठ्ठ्याण्णव. भट्टीवाले काका: सत्त्याऐंशी आणि त्र्याण्णव. "काका, तुम्ही उद्या येऊन भेटा." आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. लोक वाकून बघत होते, खालचा आकडाही वाचत होते.

दादाचे पाय वहिनीने चोळले. पंधरा मिनिटं चोळले. बोट स्वच्छ, गुलाबी असायला हवं तिथे राखाडी. नर्सताईंनी चिमटा बसवला, बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून वर हाताची सावली धरली, आणि मनगट धरून मोजलं.

"नाडी एकशे चोवीस. यंत्रावर एकशे तेवीस. जुळते."

वरचा आकडा ऐंशी होता.

त्यांनी दुसऱ्या पायाला लावला. एक्क्याऐंशी. थांबून पुन्हा बघितलं. ऐंशी.

दादा आकड्याकडे बघत राहिला. मग बहिणीकडे. "हा... खरा आहे ना गं?"

"हो, दादा."

"बरं," तो म्हणाला. "चल मग."

खाट मिळाली. प्राणवायूची नळी लागली. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "नऊ दिवस कुठे होता हा माणूस?" बाईंकडे उत्तर होतं, पण ते सांगून काही परत येणार नव्हतं. नऊ दिवसांत छातीत पाणी आणि पू साचला होता, फुप्फुसं आधीच भुकटीने दगड झालेली. पाचव्या दिवशी पहाटे दादा गेला. शेवटपर्यंत त्याच्या पायाला चिमटा होता आणि आकडे पूर्ण खरे होते.

कारखान्यात पंखा बसला. पोलिसांत तक्रार झाली, मॅनेजरसाहेबांचं नाव तिच्यात आहे. पुढे काय होईल ते होवो. नर्सताई दर आठवड्याला येतात. पायाच्या बोटावर मोजून त्यांनी आणखी दोघांना वेळेत दाखल केलं. ते दोघे जिवंत आहेत.

खारू पंधरा दिवसांनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत बाईंपाशी येऊन उभी राहिली.

"आत्या, पहिल्याच दिवशी पायाला लावून बाबाला दवाखान्यात नेलं असतं तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. मोठी माणसं बोलतात. त्या म्हणाल्या, "तर बहुतेक वाचला असता."

"आणि मी पहिल्याच दिवशी वही दाखवली असती तर?"

"तू दाखवलीस म्हणून दोन घरं वाचली. मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. ती चूक माझी आहे, बाळा, तुझी नाही. नीट ऐक."

पोरांनो, तुम्हीही ऐका, आणि तुमच्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका आणि आंधळा अविश्वासही ठेवू नका. दोन्हीमुळे माणूस मरतो. चिमटा कुणाच्या बोटाला आहे ते बघा. बोट गार आहे का, नखाला रंग आहे का, चिमटा नीट बसलाय का ते बघा. नाडी हाताने मोजा आणि जुळवा. आकडा चांगला आला पण माणूस धापा टाकतोय, तर आकडा सोडा आणि माणसाला उचला. आणि कुणी तुमच्या माणसाचा हात शालीखाली घेऊन डोळे मिटायला सांगितलं, तर डोळे मिटू नका. शाल ओढा.